गुंजाची वजाबाकी

तीर्थस्वरूप इंदूताईस देवदत्तचा नमस्कार.

मंगळवारी सकाळी गंगास्नान करून नावेनं रामनगरला मुलांची चाचणी घ्यायला गेलो. मी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आमची गणिताची चाचणी बऱ्याच देशांत चालते. मुलांना मदत करायची नाही, हा नियम सगळीकडे एकच. तिथली नऊ वर्षांची गुंजा एक्केचाळीसातून सतरा वजा करताना अडली आणि तू मला शिकवायचीस तसं मी नकळत दशकावर बोट ठेवलं. उत्तर बरोबर आलं. मी फॉर्मवर ‘वजाबाकी येते’ लिहिलं. मग दोन दिवस जपात मन लागेना.

काल परत तिच्या घरी गेलो आणि खरं काय ते सांगितलं. तिची आई म्हणाली, “मास्टरजी, बिटिया को फेल कर दोगे?”

म्हटलं, “आती है लिखूँगा, तो सिखाएगा कौन?”

तिनं चहा ठेवला. मी ‘येते’ खोडून ‘येत नाही’ लिहिलं आणि शेजारी सही केली.

तुझा,
देवदत्त