पलंगाचा चौथा खूर

पनवेल,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. दीपिकास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. परेशच्या आईचा गुडघा थंडीत दुखतो, एवढंच. चिरनेरला तुझे आईवडील खुशाल असतील.

सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी लाकूड कातायच्या लेथवरचं गोणपाट काढलं. मोटरला तेल घातलं, सैल झालेला पट्टा ताणून बसवला, पटाशीला धार लावली.

त्या लेथवर काय होतं ते तुला माहीत आहे. बांधावरचं शिवणीचं झाड वाऱ्याने पडलं, तेव्हा परेशने आणि मी त्याचे चार ओंडके आणले, टोकांना शेण फासून सावलीत वाळवले. तुमच्या पलंगाचे खूर करायचे होते. तीन झाले. चौथा लेथवर चढवला, त्या दुपारी परेश ज्या लाँचवर होता ती उलटल्याची बातमी आली. लाँचवरची बाकीची माणसं सापडली. आपला परेश सापडला नाही.

“आता त्याला हात लावायचा नाय,” आई म्हणाली. “पोरगा आला का मंग करा.”

लेथ एकच. म्हणून ही पाच वर्षं मी लाटणं नाही की भोवरा नाही, काहीच कातलं नाही. वॉचमन म्हणून खारघरच्या टॉवरचं गेट उघडतो. गावात म्हणतात, तुळशीरामचा हात गेला. कातकाम मला कुणी शिकवलं नव्हतं. पिठाच्या गिरणीची जुनी मोटर आणि गावात पडलेली झाडं, त्यांच्याशी झगडत शिकलो. अजून गेटचा दांडा धरला की बोटं पटाशी धरल्यासारखी वळतात.

दिवाळीत तू आलीस. ओंडक्याकडे बघून म्हणालीस, “बाबा, अजून तसाच?”

मी म्हणालो, “मुरतंय लाकूड.” तू हसली नाहीस.

त्याआधी तुझे वडील मला गेटवर येऊन भेटले होते. उरणच्या त्या मास्तरांच्या स्थळाचं सांगत होते. “पोरगी म्हनते, बाबांनी सांगितल्याबिगर नाय. तुमी सांगा ना, व्याही.” मी “बघतो” म्हणालो, आणि तेव्हापासून नुसता बघत राहिलो.

सोमवारी वाटलं, खूर पुरा करावा आणि पलंग तुझ्याकडे पाठवून द्यावा. बटण दाबलं. आई पिठाच्या हातांनी धावत आली. मोटर नेहमी परेशच सुरू करायचा ना.

“आला काय वो? परेश आला?”

मी मानेनेच नाही म्हटलं. ती उंबऱ्यावरच बसली. मी पटाशी टेकवली. वरचा पापुद्रा निघाला आणि आतली चीर दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकी वर्षं दोन्हीकडून आवळून ठेवलेलं लाकूड. त्यातून खूर निघणार नव्हता. मी मोटर बंद केली आणि ओंडका सोडवला.

“तो काढलात तर पोराला तुमीच मारलात,” आई म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. वर ठीक आहोत लिहिलं, ते पत्राची रीत म्हणून.

दिनानाथ गुरुजींना परेशच्या क्रियेचं विचारलं, तर म्हणाले, बारा वर्षं वाट बघायची असते. मी म्हटलं, “गुरुजी, तोवर ती पोर कुणाच्या नावाने दिवस काढेल?” त्यांनी पंचांग उघडलं. गुरुवारी परेशचा म्हणून दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ. मीच अग्नी दिला. ओंडका पुतळ्याशेजारी ठेवला होता. शिवण हलकी, लवकर पेटली. हात जोडले, पण मागायचं काय ते आठवेना. इतकी वर्षं एकच मागत होतो.

तीन खूर माळ्यावर आहेत, त्यांच्यावर पलंग उभा राहायचा नाही. लेथ रिकामा आहे. त्यावर काही चढवावंसं वाटत नाही, पुढे वाटेल असंही दिसत नाही.

हे फोनवर मला बोलता आलं नसतं. वर तुझ्या नावाआधी सौ. लिहिलेलं नाही. हात अडला होता, तरी लिहिलं नाही. मास्तरांना होकार कळव. लग्नानंतर लगेच इकडे येऊ नकोस. आईला तुझं नवं मंगळसूत्र बघवणार नाही, आणि मला तिचं तोंड.

कै. परेशचा बाप,
तुळशीराम