मंचावर कुणी बोलत नाही

सोमवार, ४ मार्च

मंचावर आज तिसरा प्रश्न टाकला — बाही खांद्याला जोडताना चुण्या का पडतात? आपापसांत बोला, वाद घाला, मग शिवा. एवढ्यासाठीच तर शिवणवर्गासाठी हा ऑनलाइन मंच मी भांडून मिळवला. संध्याकाळपर्यंत आलं काय? अठराजणींचे अठरा अंगठे. आणि एक 'खूप छान, मॅडम'. अगं, प्रश्न आहे तो! छान काय त्यात?

मंगळवार, ५ मार्च

संस्थेच्या मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं — 'शनिवारपर्यंत चर्चा दिसली नाही तर मंच बंद. तुम्ही आपलं फळ्यावर लिहा, त्या उतरवून घेतील.' म्हणजे माझी सहा महिन्यांची डोकेफोड पाण्यात. घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, 'मग तूच दोन खोट्या नावांनी भांड की.' जखमेवर मीठ. जेवले नाही धड.

बुधवार, ६ मार्च

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वैतागून बाहीची मापं मीच टाकली. कागदावर आखा, रेघेवर कापड कापा, उद्या घेऊन या. दोन मिनिटांत अंगठे सुरू. एकीनं काहीतरी लिहिलं होतं, ते मी वाचायच्या आत काढूनही टाकलं. असो.

गुरुवार, ७ मार्च

वर्गात बाह्या जोडायला घेतल्या तर एक बसेल तर शपथ. सगळ्या काखेत घट्ट. शिलाईसाठी अर्धा इंच कापड जादा ठेवा, हे मी लिहायलाच विसरले होते. पहिल्या आठवड्यातला धडा! तरी सतराजणींनी मुकाट्यानं कापड वाया घालवलं. मी जाम चिडले. कुणाच्याच डोक्यात आलं नाही? सगळ्या खाली मान घालून बसल्या.

फक्त एकीची, त्या मागच्या बाकावरच्या चष्मेवालीची, बाही नीट बसली. सुटल्यावर तिला थांबवलं.

'कळलं होतं तर लिहिलं का नाहीस?'

'लिहिलं होतं, मॅडम. मग काढलं.'

'का पण?'

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. 'जानेवारीत एकीनं मंचावर लिहिलं होतं ना, तुम्ही दिलेली कॉलर चुकलीय म्हणून. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत, ते अजून आहे तिथे.'

मला काहीच आठवेना.

शुक्रवार, ८ मार्च

सापडलं. 'आधी सुई धरायला शीक, मग मला शिकव.' वाक्य माझंच. कॉलर खरंच चुकली होती. ती बाई त्यानंतर वर्गाला आलेली नाही. हजेरीपटात तिच्यापुढे माझ्याच अक्षरात आहे — शिकण्यात रस नाही.