सुमीचा चढलेला पारा

चैत्र शु. ६, लातूर
शाळेतून आलो तर सुमी पुन्हा डोकं धरून. चौदाची पोरगी, आणि महिनाभर हेच. सौ. म्हणते ऊन बाधलं. तांब्याभर लिंबू-मिठाचं सरबत पाजलं, मीठ मुद्दाम जास्त. शेजारच्या फातिमाबींनीही तेच सांगितलं. उतार न्हाई.

चैत्र शु. १२, नांदेड
काल सुमीला घटकाभर दिसेनासं झालं. गाडीनं इथं सासुरवाडीला, थेट करीम डॉक्टरांकडे. दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, पारा चढतच गेला. डॉक्टर म्हणाले, "मशीन बिगड गई." मग स्वतःला लावली, कंपाउंडरला, मला. आम्ही तिघं ठणठणीत! पुन्हा सुमीला. पुन्हा वर. डॉक्टरांनी पट्टा सोडला.
"मास्तरसाब, ये तो बुढ्ढों की बीमारी है."
मीठ बंद. सौ. रडायला लागली, "मीच मीठ पाजून दाब चढवला की हो!"
"बाई, रोना नक्को. इत्ता सरबत तो पूरा नांदेड पीता. असली वजह कुछ और है."
उद्या हैदराबाद.

चैत्र व. ५, हैदराबाद
नसेत औषध सोडून एक्स-रे काढला. डाव्या मूत्रपिंडावर गाठ. दाब तिच्यामुळंच. सर्जन म्हणाले, क्वचितच दिसते, त्यात या वयात. ते मूत्रपिंडच काढायचं, एकावर माणूस जगतो. दाब उतरेल? "उतरायला पाहिजे."
पोरगी टेबलावरून उठेल ना, हे विचारायचं होतं. विचारलं, टाके कधी निघतील.
सुमीला सांगितलं तर, "मग देवानं दोन कशाला दिले?" आगाऊ कार्टी.

चैत्र व. १०
काढलं. संध्याकाळी शुद्धीवर आली, आल्या आल्या माझ्या वाढलेल्या दाढीला हसली. तेव्हा कुठं सौ. घोटभर पाणी प्यायली.

वैशाख शु. ५, नांदेड
टाके निघाले, परतलो. करीम डॉक्टरांनी पट्टा लावला. पारा खाली! दोनदा पाहिला. "अच्छा है. मगर हर महीने दिखाना." गाठ परत येईल का? "बोल नहीं सकते."
तरी आज मी सुखात आहे. खोटं कशाला लिहू. जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.
सुमी दुपारी गाढ झोपली, किती दिवसांनी. सौ.नं तिच्या नाकाशी बोटं धरली. थोड्या वेळानं परत. मग आणखी एकदा. कार्टीनं एक डोळा उघडला.
"आई, जिती हाय मी. झोपू दे की."
सौ.नं बोटं मागं घेतली. उठली मात्र न्हाई तिथून.