बोळिंजच्या विहिरीतला तोफगोळा

४ मे १९९९, मंगळ.
केलं ते केलं. लिहून टाकतो, म्हणजे डोकं हलकं होईल.
शाळा सोडताना खेळाच्या खोलीतनं गोळाफेकीचा लोखंडी गोळा ढापला होता. कशाला? उगाच. दोन वर्षं माळ्यावर पडून होता. एप्रिलभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला, झकास गंजला. आज दुपारी घर घोरत असताना वाडीतल्या विहिरीत सोडला. परवा गाळ काढायला माणसं येणार.
आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, लढाईचं वेड. पेशव्यांची फौज वसईचा किल्ला घ्यायला निघाली ती म्हणे बोळिंजला आमच्याच वाडीत उतरली, घोडे आमच्याच विहिरीवर पाणी प्याले. "तुम्ही बघितले का घोडे?" विचारलं की चप्पल येते. म्हटलं, घ्या पुरावा. दोन दिवस हसायचं, मग सांगून टाकायचं. एवढाच प्लॅन.

६ मे, गुरु.
सापडला!! गाळाची पाटी वर आली, त्यात गोळा. आबा धोतरासकट चिखलात बसले. "पक्या, तोफेचा रे! तोफेचा!" मला हसू आवरेना, केळीमागे जाऊन हसलो. परत येतो तर आबा गोळा पंच्याने पुसतायत. न्हालेलं पोर पुसतात तसा. डोळे भरलेले.
हसू गेलं. उद्या सांगतो.

७ मे
नाही सांगितलं. सकाळपासून अर्धं बोळिंज आमच्या अंगणात. नव्या बिल्डिंगवाले पण, कॅमेरे घेऊन. एक काकू लांबूनच, "अहो, फुटणार नाही ना?"
संध्याकाळी कुंपणापाशी आवाज. "आत येऊ का?"
इनासबाबा. शेजारच्या वाडीचे. बारा वर्षांत पहिल्यांदा.
आबा उठले, बसले, परत उठले. "ये की. विचारतोस काय?"

९ मे, रवि.
झोप नाही दुपारी. जुनं सगळं आठवतंय.
मी सातेक वर्षांचा असेन. इनासबाबांच्या खांद्यावर बसून त्यांच्या घरी जायचो. नाताळात त्यांच्याकडे मैद्याचे गोड फुगे तळायचे, तो वास कुंपणापर्यंत यायचा. आमच्याकडनं सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, जायची. मी दोन्हीकडे खायचो, आईला सांगायचो उपाशी आहे.
आबा सांगायचे, मुळात घर एकच. दोन भाऊ. पोर्तुगीज आले, मोठा ख्रिस्ती झाला. धाकटा घरचे देव टोपलीत घालून पळाला. पेशव्यांनी किल्ला घेतला तेव्हा धाकट्याच्या वंशातले परतले, तर मोठ्याचे इथंच. वाड्या दोन झाल्या, विहीर एकच राहिली. म्हणून त्यांच्या घरी लग्न असलं की आदल्या दिवशी बँड लावून आमच्या विहिरीवर यायचे, नवरीच्या आंघोळीचं पाणी भरायला. उंबराचं पाणी म्हणतात. लग्न चर्चात, पाणी आमचं. आमच्या बायका पान-सुपारी घेऊन उभ्या.
मग पाटाच्या पाण्यावरनं भांडण झालं. काही नाही, इकडे केळी सुकतात, तिकडे पानवेल सुकते, एवढंच. पण आबा चिडून बोलून गेले, "बाटगे ते बाटगेच!"
इनासबाबांनी हातातली कुदळ ठेवली न गेले. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला पाणी नळाचं भरलं. बँड आमच्या दारावरनं पुढे गेला. आबा आत दार लावून बसलेले. मी खिडकीतनं बघत होतो, मला नाचायचं होतं.
आता ३० तारखेला त्यांच्या नातीचं, रीटाचं लग्न.

१३ मे
दोघं रोज बसतात. मध्ये स्टुलावर गोळा. आज जुंपली.
इनासबाबा : हा तुमच्या लोकांनी मारलेला.
आबा : तुझ्या पोर्तुगीजांनी!
"माझे कुठनं रे? त्यांचा मला एक शब्द येतो, पाव."
"मग माझे तरी कुठे? त्या फौजेने आमच्या पण पेंढ्या नेल्याच की घोड्यांना."
"नेल्या ना? मग रोज मिशीला पीळ कशाला देतोस?"
आबांना मिशी नाही. दोघं खो खो. आई चहा घेऊन आली ती दारातच थांबली.
मग इनासबाबा हळूच, "एक सांग. किल्ला इथनं केवढा लांब. गोळा इथवर पोचला कसा?"
हा विचार मी केलाच नव्हता!
आबा म्हणाले, "गाड्यावरनं पडला असेल."
वाचलो.

१८ मे
नाही वाचलो.
आबा देवळात गेलेले. इनासबाबा एकटेच गोळा हातात फिरवत होते. मुंबईला कारखान्यात फिटर होते ते, तीस वर्षं. वजनाचा छाप मी कानशीनं घासून काढलाय, बरोबर तिथं अंगठा थांबला. परत फिरवला. परत थांबला.
"पक्या, कानस कुठली वापरलीस?"
मी दोन पावलं मागे सरकलो.
"आबाला ठाऊक आहे?"
"नाही. सांगतो आज, आईशप्पथ."
त्यांनी गोळा स्टुलावर ठेवला. घासलेली बाजू खाली. म्हणाले, "मला कुंपण ओलांडायला काहीतरी निमित्त पाहिजेच होतं रे. रीटाचं पाणी होईपर्यंत तोंड उघडलंस तर ह्याच विहिरीत उलटा टांगीन."

२२ मे, शनि.
आठवडा राहिला न पाण्याची गोष्ट कोणी काढत नाही. इनासबाबा मागणार नाहीत. आबांना बोलावता येत नाही. दोघं हवापाण्यावर बोलतात. मी न आई आत कान लावून.
शेवटी आबा म्हणाले, "विहीर साफ झालीय. पाणी गोड लागतंय."
"बरं झालं."
"रीटाला... ते म्हणजे..."
"त्या शब्दाचं काय?"
आबांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला.
"फौजा आल्या न गेल्या, इनास. तो शब्द आमच्या घरात ठेवून गेल्या. बापाच्या तोंडून ऐकला, त्याने त्याच्या बापाच्या. माझ्या तोंडून तुझ्या अंगावर गेला. चुकलं माझं."
इनासबाबा उठले. मला वाटलं चालले. तर रहाटाजवळ जाऊन आत डोकावले. "चार हंडे लागतील. बँडवाल्यांना चहा तू द्यायचा."
आईने माझा दंड एवढा आवळला, अजून लाल आहे.

२७ मे
वसईहून एका निवृत्त सरांचा निरोप. जुन्या वस्तू बघतात. गोळा तोलायचा, मापायचा, खरा ठरला तर संग्रहालयात द्यायचा. सोमवारी येणार. माझी वाट.
टीव्हीवर कारगिल. आबा बघत होते, म्हणाले, "तिकडची माणसं पण घरं सोडून निघाली असतील." मग बंद करायला लावला.

२९ मे, शनि.
आले!! बँड, छत्री, लाल साड्या नेसलेल्या बायका, डोक्यावर हंडे. इनासबाबांची बहीण आमच्या आईच्या गळ्यात पडून रडली. पहिला हंडा आबांनी स्वतः ओढला, त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, कोणाला हात लावू दिला नाही. रीटाने ओंजळभर तोंडावर मारलं, म्हणाली, "आबा, थंड आहे हो!" आबा म्हणाले, "आपलंच आहे, सोस."
मी नाचलो. बारा वर्षांचं सगळं नाचलो. बँडवाला म्हणाला, बस कर भाऊ, दम लागला.

३१ मे, सोम.
सर आले. काटा, टेप, भिंग. मी घामाघूम. ठरवलं होतं, आता सांगायचंच.
आबांनी सरबत दिलं. म्हणाले, "सर, माफ करा. गोळा तोलायचा नाही."
"अहो, पण खरा असला तर?"
"असू दे. दोन घरांचा आहे. इनासला विचारल्याशिवाय देता येणार नाही, न इनास नाही म्हणतो."
सर बिचारे सरबत पिऊन गेले. पावसाळ्यानंतर परत येतो म्हणाले.
आबांनी गोळा उचलून कपाटात ठेवला. घासलेली बाजू भिंतीकडे. मग माझ्याकडे बघितलं. ते नेहमीच तसं बघतात, की...?
विचारायची हिंमत नाही. इनासबाबांना वाटतं आबांना माहीत नाही. आबांना काय वाटतं, देव जाणे.
ही वही ज्याच्या हाती लागेल त्याच्या पाया पडतो. आई असलीस तरी, रीटा असलीस तरी, ते सर असलात तरी. मला शिव्या घाल, दोन कानाखाली मार, पण ह्या दोघांना एकमेकांचं काही कळू देऊ नको. कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नको रे बाबा.