त्या ठरावाला अनुमोदन माझं

बाबा, आपल्याला मागच्या बाजूचा फ्लॅट दिलाय. सातवा मजला, आणि हॉलची खिडकी उघडली की समोर पार्किंग टॉवरचा पत्रा. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे हे सगळं तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं. आपली परळची बिल्डिंग पाडली. तिच्या जागी बावीस मजले उभे राहिलेत, चाव्या तेवढ्या वाटायच्या बाकी आहेत, आणि त्या वाटू नयेत म्हणून मी कोर्टात गेलेय. हो, मीच. रेशनवाल्याने माप मारलं तरी गुपचूप घरी येणारी तुमची मुलगी. वय झालं आता, पाय दुखतात, पण तारीख पडली की जाते.

तुमच्या वेळच्या सभा आठवतात मला. रविवारी सकाळी गच्चीवर सतरंज्या घालायच्या, तुम्ही कठड्याला टेकून बसायचात. सेक्रेटरीचा ठराव निम्मा वाचून व्हायच्या आतच तुमचा आवाज यायचा, "माझं अनुमोदन!" घरी आईने बांगड्याचं तिखलं केलेलं असायचं ना, तुमचं लक्ष तिकडे. एकदा मी तुम्हाला जेवायला बोलवायला वर आले. बारा वर्षांची असेन. जिना उतरताना विचारलं, "बाबा, ठराव कसला होता?" तुम्ही तिथेच थांबलात, आणि काय ओरडलात! "शेजाऱ्यांका नाय म्हणू नये. उद्या आपली तिरडी तेच उचलतले." आणि खरंच, त्यांनीच उचलली. त्यामुळे मी तुम्हाला खोटंही पाडू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी विशेष सभा झाली, भाड्याच्या हॉलमध्ये, एसी लावून. नवे फ्लॅट चिठ्ठ्या टाकून द्यायचे असं आधी सगळ्यांचं ठरलं होतं. पण नोटिशीतले विषय संपले, वड्यांचा वास सुटला, माणसं खुर्च्या सरकवून उठायला लागली, तेव्हा सेक्रेटरीने 'ऐनवेळचे विषय' म्हणून ठराव नऊ वाचला. फ्लॅट कोणाला कुठला द्यायचा, ते कमिटी ठरवेल. हा सेक्रेटरी आपल्याच शेजारच्या खोलीत वाढलेला, आईच्या हातचं खाल्लेला. मला म्हणाला, "ताई, अनुमोदन तुमचं घालू? काकांची परंपरा आहे!" लोक हसले, मीही हसले आणि हात वर केला. सहा महिन्यांनी यादी लागली. कमिटीतले सातच्या सात रस्त्याच्या बाजूला, आणि आपण पत्र्यासमोर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग सुरू झालं हे दुखणं. आधी कमिटीला अर्ज दिला. दोन ओळींचं उत्तर आलं, 'ठराव पाहावा.' मग उपनिबंधकांच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिथल्या क्लार्कने निदान खुर्ची तरी दिली. म्हणाला, "मॅडम, आम्ही सोसायटीचा कारभार बघतो. कुठला फ्लॅट कोणाचा हा वाद झाला, त्याला सहकार न्यायालय. तिकडे दावा लावा." दादरला एक वकीलबाई मिळाल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. आम्ही पाच कुटुंबं मिळून गेलो होतो. तिसऱ्या तारखेपर्यंत तिघं गळाली. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हो," असं मलाच ऐकवून गेली. उरलो मी आणि जुन्या बिल्डिंगीतल्या तळमजल्यावरच्या, एकट्या राहणाऱ्या मास्तरीणबाई. त्यांनाही मागचाच फ्लॅट आलाय. कधी न्यायाधीशांची बदली, कधी सुट्टी, कधी समोरचा वकील आजारी. ताबा देऊ नये म्हणून मनाईचा अर्ज केलाय, त्यालाच वर्ष होत आलं.

गेल्या महिन्यात सोसायटीचं लेखी उत्तर आलं. सोबत सभेचं इतिवृत्त, आणि त्यात ठराव नऊखाली अनुमोदक म्हणून माझं नाव. वकीलबाईंनी चष्मा काढला. "हे मला आधी का नाही सांगितलंत?" मग त्याच म्हणाल्या, "असू दे. एवढा मोठा विषय नोटिशीत नव्हता, ऐनवेळी आणला. आपली बाजू पडत नाही, फक्त लंगडते. तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या. ठराव वाचायला दिला नव्हता, अर्थ समजला नाही, भिडेखातर हात वर केला. असंच झालं ना?" मी म्हटलं, "असंच."

आई बरी आहे. आम्ही सध्या माहीमला भाड्याने राहतो. जुन्या घरी ती दिवसभर गॅलरीत बसायची, भाजीवाल्याशी वरूनच भांडायची, शाळेतून येणारी पोरं मोजायची. आता उठवत नाही तिला. रोज विचारते, "चेडवा, थयसून रस्तो दिसतलो मां?" मी सांगते, "दिसेल गं." पत्रा दिसेल म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?

आता जे कोणालाच सांगितलं नाही, ते. त्या दिवशी सभा सुरू व्हायच्या आधी सेक्रेटरीने मला हॉलच्या दारात गाठलं होतं. "ताई, नऊ नंबरला सांभाळून घ्या. काकूंचं आम्ही बघतो. रस्त्याकडचाच देतो, शब्द." ठराव मला पुरता कळला होता, बाबा. चिठ्ठ्या टाकल्या तर आपलं नशीब कसं निघेल याची भीती होती, म्हणून मी तो उचलून धरला. मागच्या बाजूला कोणीतरी जाणारच होतं, हेही कळत होतं. मनातल्या मनात मी तिथे मास्तरीणबाईंना बसवून मोकळीसुद्धा झाले होते. त्या एकट्याच तर आहेत, त्यांना काय करायचाय रस्ता, असं वाटलं होतं मला.

परवा कोर्टाच्या बाकावर त्यांनी डब्यातला शिरा माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "तुम्ही उभ्या राहिलात म्हणून हो, नाहीतर माझ्यासाठी कोण भांडणार होतं?" मी शिरा खाल्ला. प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलंय. गुरुवारी शपथेवर मी त्याच्यावर सही करणार आहे.