कडीच्या जागी पियानो

चिराग,

मी गुडीहत्नूरले मावशीकडे चालली, उद्या संध्याकाळच्या बसनं येते. डब्यात भाकर अन् वांग्याची भाजी आहे, खाऊन घेजो.

हैदराबादले परत जायच्या आधी एक काम करजो. मी तुया कॉम्प्युटरले हात लावला, रागावू नको. तू गेल्यापासून रोज दुपारी तुयं ते गाणं ऐकत राह्यते. बाबा होते तवा ते दाराची कडी वाजवत, तो आवाज रेकॉर्ड करून तू ढोलाच्या जागी घातला, तेच गाणं. सोमवारी धूळ पुसता पुसता कोणतं बटण दाबलं गेलं काय माहीत, आता कडीच्या जागी पियानो वाजते. बाकी गाणं जसंच्या तसं आहे. शेजारचा सुरेंद्र पाहून गेला. ड्रमच्या ट्रॅकचं वाद्य बदललं म्हणे, मस्त तबला बसवून देतो म्हणे. मी नाई म्हटलं. तबल्याचं मी काय करू?

तू कडीच परत बसवून देजो. तुये बाबा ती दोनदाच वाजवायचे अन् थांबायचे. तसंच पाहिजे. आवाज जरा मोठा ठेवजो. सैपाकघरात ऐकू आला, की मी दारापर्यंत जाऊन येते.

आई