क्लॅरिनेटला श्वास लागतो

१४ जानेवारी
डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट — अजून लाकूडच. नोव्हेंबरात दारातल्या बर्फावर घसरलो, कोपर मोडलं, आतली नस दुखावली. डॉक्टरीणबाई म्हणतात, "वर्षभर वाट बघा." चाळीस वर्षांचा माझा सेलो पेटीत बंद. वाईट वाटायला हवं. काहीच वाटत नाही.

१६ जानेवारी
दिवसभर पलंगावर. बाहेर उणे सत्तावीस.

१९ जानेवारी
आयली क्लॅरिनेट पुसता पुसता म्हणाली, "कार्स्टन, तुझी ती बरोक रचना मला क्लॅरिनेटसाठी लिहून दे ना. संथवाली. मार्चमध्ये चर्चमध्ये वाजवायचीय."
"ती सेलोची आहे. तीनशे वर्षं सेलोचीच आहे."
"म्हणून तर तुला सांगतेय. मला एकटीला कुठे जमणार!"
बायकोला नाही म्हणायलाही जोर लागतो. हो म्हणालो.

२३ जानेवारी
सेलोवर गज एका फटक्यात चार तारांवरून जातो. चार स्वर! क्लॅरिनेटवर एका वेळी एकच. तीन गाळायचे — कुठले? शिवाय सगळ्यात जाड तारेचा स्वर: सप्तकभर वर नेला तरी क्लॅरिनेटच्या सगळ्यात खालच्या स्वराच्या एक पायरी खालीच राहतो. सगळंच वर सरकवलं. चार तास गेले. कळलंही नाही.

२ फेब्रुवारी
पहिल्या तीन ओळी दिल्या. वाजवता वाजवता आयली लालबुंद झाली, थांबली.
"अरे माणसा, श्वास कुठे घेऊ मी?"
"गजाला फुप्फुसं नसतात."
"मला आहेत! दोन!"
चाळीस वर्षं वाजवली. हा प्रश्न कधी पडलाच नाही.

३ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात उभं राहून स्वतः गाऊन पाहिलं. तिसऱ्या ओळीत दम संपला. तिथला एक स्वर खोडला. माझा सगळ्यात आवडता. खोडताना काही झालं नाही.

१८ फेब्रुवारी
चर्चचा ऑर्गनवाला व्हर्नन कॉफीला आला. कागद बघून म्हणाला, "खालचा स्वर खाल्लास की रे!"
"खाल्ला नाही. वरच्या स्वराआधी नुसता टेकवून सोडलाय. पुढचं कान सांभाळतो."
"वा! कोपर मोडलं, तोरा शाबूत!"
आयली खो खो हसली. मी नाही. पण दुसरा कप मागितला.

९ मार्च
झाला कार्यक्रम. पन्नासेक माणसं, अंगावरचे कोट तसेच. तिसऱ्या ओळीत, मी खोडलं तिथे, आयलीने श्वास घेतला. अख्ख्या चर्चला ऐकू आला. मीही घेतला — तिच्याबरोबर. बोटं तशीच बधिर.

११ मार्च
कागद ठेवायला आयलीचं कपाट उघडलं. तळाशी तीच रचना — क्लॅरिनेटसाठी, छापील! आत तिचं माहेरचं आडनाव, कॉलेजचं वर्ष. पानोपानी पेन्सिलीने श्वासाच्या खुणा.
होतं तिथे ठेवून दिलं. जेवताना विचारलं, "पुढची कुठली लिहून देऊ?"
ती सूप वाढत होती. वर न बघता म्हणाली, "अवघड असेल ती."